क्लब म्हणजे नेमकं काय? विम्बल्डनचं स्थलांतर आणि एका निकालाची चिकित्सा



विम्बल्डन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर हिरवळ, पांढरे कपडे आणि टेनिस येतं. आज टेनिस बाजूला ठेवू. लंडनच्या नैर्ऋत्येच्या त्याच उपनगरात एक फुटबॉल क्लब होता, किंवा आहे, किंवा आता दोन आहेत. यातलं कोणतं क्रियापद बरोबर, हाच आपला आजचा प्रश्न. त्यासाठी आपण एक निकाल तपासणार आहोत. तो 28 मे 2002 रोजी लागला. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने नेमलेल्या तीन जणांच्या आयोगाने दोन विरुद्ध एक अशा मतांनी विम्बल्डन फुटबॉल क्लबला आपलं बस्तान सुमारे 90 किलोमीटर दूर, मिल्टन कीन्स या शहरात हलवायला परवानगी दिली. आमचं म्हणणं असं आहे की हा निकाल हिशेबाच्या दृष्टीने समजण्यासारखा होता, पण विचाराच्या दृष्टीने चुकलेला होता. आणि तो का चुकला, हे पुढच्या वीस वर्षांनी फार स्पष्ट दाखवून दिलं.

आधी थोडा इतिहास. तो माहीत नसेल तर माणसं एवढी का दुखावली हे कळणार नाही.

1889 साली एका शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी विम्बल्डन ओल्ड सेंट्रल्स नावाचा संघ काढला. विम्बल्डन कॉमन या मोकळ्या माळरानावर ते खेळायचे आणि जवळच्या फॉक्स अँड ग्रेप्स या पबमध्ये कपडे बदलायचे. 1912 मध्ये प्लाऊ लेन हे स्वतःचं मैदान मिळालं. पुढची कित्येक दशकं हा हौशी खेळाडूंचा संघ होता. 1963 मध्ये त्याने हौशी संघांचा एफए अ‍ॅमॅच्युअर कप जिंकला. अंतिम सामन्यातले संघाचे चारही गोल एडी रेनॉल्ड्स या एकाच खेळाडूचे, आणि चारही डोक्याने मारलेले.

मग 1975 उजाडलं. एफए कपमध्ये या बिगर-लीग संघाने पहिल्या विभागातल्या बर्नलीला त्यांच्याच मैदानावर हरवलं. पुढच्या फेरीत समोर लीड्स, म्हणजे त्या वेळचे इंग्लंडचे विजेते. तिथे डिकी गाय या गोलरक्षकाने पीटर लॉरिमरची पेनल्टी अडवली आणि सामना गोलशून्य सुटला. फेरसामना विम्बल्डन हरलं, पण देशाला नाव कळलं. 1977 मध्ये त्यांना फुटबॉल लीगमध्ये घेतलं गेलं. हे ‘घेतलं गेलं’ लक्षात ठेवा, त्याकडे आपण परत येणार आहोत. 1983 मध्ये ते चौथ्या विभागात होते आणि 1986 मध्ये पहिल्या. आणि 14 मे 1988 रोजी वेम्बलीवर लॉरी सँचेझच्या एकमेव गोलवर त्यांनी लिव्हरपूलला हरवून एफए कप उचलला. जॉन ऑल्ड्रिजची पेनल्टी कर्णधार आणि गोलरक्षक डेव्ह बेझंटने अडवली. वेम्बलीवरच्या कप फायनलमध्ये पेनल्टी अडवली जाण्याची ती पहिली वेळ.

या संघाला ‘क्रेझी गँग’ म्हणत. त्यांचा खेळ देखणा नव्हता. लांब चेंडू मारायचा, अंगावर जायचं, समोरच्याला घाबरवायचं. समीक्षकांना तो आवडत नसे, आणि त्यात थोडं तथ्यही होतं. पण अकरा वर्षांपूर्वी ज्याला लीगमध्ये जागा नव्हती तो देशातला सर्वांत जुना चषक घेऊन घरी आला, हे नाकारता येत नाही.

इथून पुढे उतार सुरू होतो. 1989 ची हिल्सबरो दुर्घटना आपल्याला माहीत असेल. चेंगराचेंगरीत 97 माणसं गेली. त्यानंतरच्या टेलर अहवालामुळे वरच्या विभागांतल्या मैदानांवर सर्वांना बसायला आसन देणं बंधनकारक झालं. प्लाऊ लेन त्या मापात बसण्यासारखं नव्हतं. 1991 मध्ये क्लब सेलहर्स्ट पार्कवर, म्हणजे क्रिस्टल पॅलेसच्या मैदानावर, भाडेकरू म्हणून गेला. ‘तात्पुरतं’ म्हणून गेला. पण भाड्याच्या घरातलं तात्पुरतं किती लांबतं हे आपल्याला वेगळं सांगायला नको. मालक सॅम हम्माम यांनी पुढे क्लब नॉर्वेच्या गुंतवणूकदारांना विकला. प्लाऊ लेनची जागा 1998 मध्ये सेफवे या सुपरमार्केट कंपनीकडे गेली. मधल्या काळात संघ आयर्लंडला, डब्लिनला न्यायची चर्चासुद्धा झाली. 14 मे 2000 रोजी, कप जिंकल्याला बरोबर बारा वर्षं झाली त्या दिवशी, विम्बल्डन प्रीमियर लीगमधून खाली घसरलं. आणि 2001 च्या ऑगस्टमध्ये मालकांनी जाहीर केलं की आम्ही मिल्टन कीन्सला जातोय.

मिल्टन कीन्स हे 1967 पासून आखून वसवलेलं नवं शहर. लोकसंख्या मोठी, पण लीगमधला संघ एकही नाही. तिथे स्टेडियमचं आश्वासन होतं, आणि इकडे तोटा होता. फुटबॉल लीगने आधी नकार दिला. मालक लवादाकडे गेले, आणि शेवटी प्रकरण त्या तीन जणांच्या आयोगापुढे आलं.

आता निकालाकडे येऊ. आयोगाच्या बहुमताचं तर्कशास्त्र साधारण असं होतं. दक्षिण लंडनमध्ये मैदान मिळत नाही. तोटा सतत चालू आहे. मालक तो कायम सोसणार नाहीत. हलवलं नाही तर क्लब बुडेल. बुडण्यापेक्षा हललेला बरा. चाहत्यांपैकी काहींचं म्हणणं होतं की बुडाला तर बुडू दे, आम्ही तळापासून पुन्हा उभा करू. त्यावर आयोगाने लिहिलं की राखेतून असा क्लब पुन्हा उभा करणं फुटबॉलच्या व्यापक हिताचं ठरणार नाही.

या युक्तिवादात एक गोष्ट न तपासता गृहीत धरलेली आहे. ‘हलला तर क्लब वाचेल.’ पण वाचेल ते नेमकं काय? मिल्टन कीन्सला जे पोहोचेल त्याला ‘तोच क्लब’ का म्हणायचं? आयोगाने ‘क्लब जगेल का’ हे विचारलं. ‘क्लब म्हणजे काय’ हे विचारलंच नाही. आणि दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर दिल्याशिवाय पहिल्याचं देता येत नाही, हो की नाही?

तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही वर्षानुवर्षं थीसियसचं जहाज फळ्यावर काढत आलो. प्लुटार्कने सांगितलेली गोष्ट. अथेन्सच्या लोकांनी थीसियसचं जहाज जपून ठेवलं. एकेक फळी कुजली की नवी बसवली. सगळ्या फळ्या बदलल्यावर जहाज तेच का? पुढे थॉमस हॉब्जने त्यात एक तिढा घातला. समजा, काढलेल्या जुन्या फळ्या कोणी गोळा केल्या आणि त्यांचं दुसरं जहाज बांधलं. आता खरं कोणतं? विद्यार्थी हसायचे. म्हणायचे, सर, असं कधी होतं का? होतं. 2002 मध्ये इंग्लंडमध्ये अगदी असंच झालं.

निकालानंतर चाहत्यांनी एएफसी विम्बल्डन नावाचा नवा क्लब काढला. ‘चाहत्यांनी’ हे शब्दशः घ्या. क्लबची मालकी डॉन्स ट्रस्ट या चाहत्यांच्या संस्थेकडे राहिली. 29 जूनला विम्बल्डन कॉमनवर, म्हणजे 1889 च्याच माळरानावर, खेळाडूंची उघड निवड चाचणी घेतली. 230 जण आले. 10 जुलैला पहिला सामना झाला. 4-0 ने हरले, पण बघायला साडेचार हजारांवर माणसं होती. त्यांना जागा मिळाली ती इंग्लिश फुटबॉलच्या नवव्या पायरीवर. आणि त्या पहिल्या मोसमात त्यांच्या मैदानावर येणाऱ्या प्रेक्षकांची सरासरी तीन हजारांच्या आसपास गेली. म्हणजे चक्क दुसऱ्या पायरीवर खेळणाऱ्या मूळ क्लबपेक्षा जास्त. जहाज एकीकडे आणि फळ्या दुसरीकडे. आता सांगा, खरं कोणतं?

यावर सहसा तीन उत्तरं दिली जातात. ती एकेक करून तपासू.

पहिलं उत्तर कायद्याचं. क्लब म्हणजे कंपनी, तिचे भाग आणि लीगमधली तिची जागा. ती जिकडे गेली तिकडे क्लब गेला. हे उत्तर सुटसुटीत आहे, पण ते फार काळ टिकलं नाही. 2003 च्या जूनमध्ये कंपनी दिवाळखोरीच्या दारात येऊन प्रशासकांच्या ताब्यात गेली. सप्टेंबरमध्ये संघ मिल्टन कीन्सच्या हॉकी स्टेडियमवर खेळू लागला. 2004 मध्ये पीट विंकलमन यांच्या गटाने त्याला त्यातून बाहेर काढलं आणि नाव ठेवलं मिल्टन कीन्स डॉन्स. मालक नवे, शहर नवं, नाव नवं. उरलं काय, तर लीगमधली जागा आणि नावातलं ‘डॉन्स’ हे विम्बल्डनच्या लाडक्या नावाचं शेपूट.

पण या उत्तराचा खरा पराभव पुढे आहे. 2006 मध्ये चाहत्यांच्या संघटनांशी झालेल्या बोलण्यांतून मिल्टन कीन्स डॉन्सने मान्य केलं की 2004 पूर्वीच्या इतिहासावर आपला दावा नाही. 2007 च्या ऑगस्टमध्ये एफए कपची प्रतिकृती आणि जुनी मानचिन्हं मर्टन या स्थानिक प्रशासनाच्या हवाली झाली. विम्बल्डन ज्या हद्दीत येतं ते मर्टन. म्हणजे बघा, आयोगाने म्हटलं होतं की क्लब वाचवण्यासाठी तो हलवू. पाच वर्षांत हलवणाऱ्यांनीच लिहून दिलं की हलला तो क्लब नव्हता, त्याची जागा होती. निकालाची यापेक्षा कडक समीक्षा आम्हाला करता येणार नाही.

दुसरं उत्तर जागेचं. क्लब म्हणजे ते गाव, ते मैदान. हे भावनेला पटतं. पण मग 1991 पासून पुढे काय म्हणायचं? बारा वर्षं सेलहर्स्ट पार्कवर, दुसऱ्याच्या घरी. एएफसी विम्बल्डनसुद्धा सुरुवातीची अठरा वर्षं विम्बल्डनमध्ये नव्हतं, शेजारच्या किंग्स्टनमधल्या किंग्जमेडोवर होतं. जागा म्हणजेच क्लब असता तर 1991 लाच सगळं संपलं होतं. जागेची ओढ खरी, पण ओढ असणं म्हणजे जागेवर असणं नव्हे.

तिसरं उत्तर स्मृतीचं. जॉन लॉकने माणसाच्या ओळखीचा धागा स्मृतीत शोधला होता. ज्याला मागचं आपलं म्हणून आठवतं तो तोच. त्या न्यायाने 1988 ज्यांना आठवतं, त्यांचा क्लब खरा. हे उत्तर पहिल्या दोनांपेक्षा चांगलं आहे. पण त्यालाही चीर आहे. 2005 मध्ये जन्मलेल्या, एएफसी विम्बल्डनच्या स्टँडवर उभ्या असलेल्या मुलीला डिकी गायने अडवलेली पेनल्टी आठवत नाही, ती तिने आजोबांकडून ऐकलेली आहे. आणि मिल्टन कीन्समधल्या एखाद्याने 1988 चा सामना टीव्हीवर पाहिला असेल, तर आठवण त्यालाही आहे. नुसत्या आठवणीने कोणी वारस होत नाही.

मग वारस कशाने होतो? इथे आम्हाला लॉकपेक्षा ‘मिलिंदपञ्ह’मधला नागसेन जास्त उपयोगी वाटतो. राजा मिलिंद आणि भिक्षू नागसेन यांचा संवाद आपल्यापैकी अनेकांनी रथाच्या दृष्टांतापुरता ऐकलेला असतो. पण त्यात आंब्याचाही दृष्टांत आहे. एकाने दुसऱ्याच्या झाडाचे आंबे चोरले. पकडल्यावर चोर म्हणतो, याने जी कोय लावली ती वेगळी आणि मी तोडले ते आंबे वेगळे, मग चोरी कसली? नागसेनाचं म्हणणं, तरीही तो दोषी, कारण हे आंबे त्या कोयीतूनच आले. गंमत बघा. आंबा तोच आहे का, या प्रश्नाचं टोक नागसेन वळवतो ते जबाबदारीकडे. सातत्य आहे की नाही हे वस्तू निरखून कळत नाही. आधीच्याचं देणं आता कोणाच्या अंगावर येतं, हे विचारलं की कळतं.

हा निकष आपण क्लबला लावू. विम्बल्डनच्या भूतकाळाचं देणं कोणी स्वीकारलं? देणं म्हणजे फक्त पैसे नव्हेत. तळाच्या पायरीवर, गावच्या मैदानावर शनिवारी संघ उभा करण्याचं काम. पत्रकं वाटण्याचं, तिकिटं फाडण्याचं, गवत कापण्याचं काम. घरी परतण्याचं वचन. हे सगळं एएफसी विम्बल्डनच्या लोकांनी केलं. 2003 ते 2004 या काळात लीगमधले सलग 78 सामने ते हरले नाहीत. नऊ मोसमांत पाच बढत्या मिळवून 2011 मध्ये त्यांनी लूटनला पेनल्टीवर हरवलं आणि पुन्हा फुटबॉल लीगमध्ये आले. 2018 मध्ये मिल्टन कीन्स डॉन्स तिसऱ्या पायरीवरून चौथीवर घसरले आणि एएफसी विम्बल्डन तिसरीवर टिकले, म्हणजे मिल्टन कीन्सच्या वर गेले. आणि 3 नोव्हेंबर 2020 रोजी, जुन्या मैदानापासून हाकेच्या अंतरावर बांधलेल्या नव्या प्लाऊ लेनवर पहिला सामना झाला. त्या बांधकामासाठी चाहत्यांनी रोख्यांतून पन्नास लाख पौंडांहून जास्त रक्कम उभी केली होती. नियती अशी की करोनामुळे त्या दिवशी स्टँड रिकामे होते. ज्यांनी हे घर बांधलं तेच गृहप्रवेशाला बाहेर राहिले.

मग, क्लब तोच का? आमचं उत्तर, ‘तोच’ हा शब्द इथे वस्तूचं वर्णन करत नाही. तो एक जबाबदारी घेतो. ज्यांनी देणं अंगावर घेतलं त्यांना ‘आमचा’ म्हणण्याचा अधिकार मिळाला.

पण मंडळी, इथे टाळ्या वाजवून थांबलो तर ती समीक्षा होणार नाही, आरती होईल. कारण जबाबदारीचा निकष लावायचा तर तो पुरता लावावा लागतो. वारशात मिळकत घ्यायची आणि कर्ज नाही म्हणायचं, असं चालत नाही.

मघाशी म्हटलं होतं की 1977 मध्ये विम्बल्डनला लीगमध्ये ‘घेतलं गेलं’. तेव्हा खालून वर येण्याची आपोआप बढतीची सोय नव्हती. क्लब मतदान करायचे. त्या मतदानात विम्बल्डन आत आलं आणि उत्तरेकडचं वर्किंग्टन बाहेर गेलं. वर्किंग्टन काही विम्बल्डनने पळवलं नव्हतं, नियमच तसा होता. पण दक्षिणेतला होतकरू क्लब आत आणि दूरच्या किनाऱ्यावरचा गरीब क्लब बाहेर, हा हिशेब तेव्हाही काही प्रमाणात सोयीचाच होता. विम्बल्डनची परीकथा एका दुसऱ्या गावाच्या निरोपाने सुरू होते.

दुसरी गोष्ट जास्त बोचरी आहे. किंग्जमेडो हे मैदान मुळात किंग्स्टोनियन या जुन्या क्लबचं घर. तो क्लब अडचणीत आला, मैदानाचा ताबा त्याच्या हातून गेला, आणि 2003 मध्ये तो एएफसी विम्बल्डनने विकत घेतला. किंग्स्टोनियन स्वतःच्याच घरात भाडेकरू झाला. भाडं माफक होतं, वागणूक वाईट नव्हती. पण पुढे प्लाऊ लेनला परतण्यासाठी पैसे हवे होते, तेव्हा किंग्जमेडो चेल्सीला विकलं गेलं आणि 2017 मध्ये किंग्स्टोनियनला बाहेर पडावं लागलं. ज्यांना घर गमावणं म्हणजे काय हे सगळ्यात चांगलं ठाऊक होतं, त्यांच्या घरी परतण्याच्या वाटेवर दुसरा एक क्लब बेघर झाला. यात कोणी खलनायक नाही. त्यांचा नाइलाज होता असं म्हणता येईल. पण नाइलाज हाच तर 2002 च्या आयोगाचाही युक्तिवाद होता! तो तिथे खोडून काढायचा आणि इथे वापरायचा, हे आम्हाला पटत नाही. एएफसी विम्बल्डनचा इतिहास लिहिताना किंग्स्टोनियनचं प्रकरण तळटीपेत टाकू नये. ते मुख्य मजकुरात यायला हवं.

आणि तिसरी बाजू मिल्टन कीन्सची. तिथे आज असे तरुण आहेत की ज्यांचा पहिला सामना, पहिला झेंडा, वडिलांच्या खांद्यावरून पाहिलेला पहिला गोल, सगळं त्या संघाचं. त्यांनी काही चोरलं नाही. दोन क्लब 2 डिसेंबर 2012 रोजी पहिल्यांदा एफए कपमध्ये समोरासमोर आले, आणि मिल्टन कीन्सने भरपाईच्या वेळेतल्या गोलवर 2-1 असा विजय मिळवला. त्या गोलचा आनंद खोटा म्हणायचा का? नाही. चोरीच्या कोयीचं झाड असलं तरी त्याच्या सावलीत वाढलेल्या पोराला चोर म्हणत नाहीत. संस्थेने देणं मान्य करावं, मानचिन्हं परत करावीत, आणि ते बऱ्याच अंशी झालं. व्यक्तीवर ते पिढ्यान्‌पिढ्या लादू नये. ‘डॉन्स’ हे नाव मात्र त्यांनी अजून सोडलेलं नाही. ते सोडावं असं आम्हाला वाटतं. त्यात त्यांचं काही कमी होणार नाही. उलट 2004 ही त्यांची स्वतःची, कोणाकडून उसनी न घेतलेली जन्मतारीख होईल.

शेवटचा मुद्दा. आयोगावर राग धरून उपयोग नाही. त्यांच्या हातात क्लबला तोलायला एकच तराजू होता, मालकीचा. चाहता हा त्या तराजूत ग्राहक होता. आणि दुकान हलवताना ग्राहकाची परवानगी कोण घेतं? दोष तराजूचा होता. तो बदलायला इंग्लंडला बराच काळ लागला. 2025 च्या जुलैमध्ये तिथे फुटबॉलच्या कारभाराचा कायदा झाला आणि स्वतंत्र नियामक आला. क्लबला आता आपलं मैदान विकण्यासाठी किंवा हलवण्यासाठी त्याची मान्यता घ्यावी लागते, आणि नाव, चिन्ह, रंग या वारशालाही संरक्षण मिळालं. म्हणजे क्लबमध्ये मालकीपलीकडचं काही असतं, हे कायद्याने मान्य केलं. 2002 मध्ये हे नव्हतं. विम्बल्डनच्या लोकांना ते कायद्याशिवाय, स्वतःच्या हातांनी सिद्ध करावं लागलं.

एएफसी विम्बल्डनने 2025 मध्येच प्ले-ऑफ जिंकून पुन्हा तिसरी पायरी गाठली. पुढे ते वर जातील की खाली येतील, सांगता येत नाही, आणि आपल्या प्रश्नाला त्याने फरकही पडत नाही. राखेतून क्लब उभा करणं फुटबॉलच्या हिताचं नाही, असं आयोग म्हणाला होता. तो उभा राहिला, आणि आज इंग्लंडमध्ये एखाद्या क्लबच्या मालकाने गाशा गुंडाळायची भाषा केली की चाहते त्याच्याच नावाचा दाखला देतात. व्यापक हित म्हणतात ते हेच असावं, असं आमचं मत.

इथे थांबतो. किंग्स्टोनियनविषयी कोणाला आमच्याशी भांडायचं असेल तर जरूर भांडा, प्रश्नोत्तरांना वेळ ठेवलेला आहे.